गोबोचे नऊ नियम

आमच्या फ्रिजवर तो कागद अजून आहे. चारही कोपऱ्यांना चुंबकं लावून बसवलेला, माझ्या अक्षरातला. वर ठळक लिहिलंय ‘गोबोचे नियम’, आणि खाली नऊ ओळी. येणारंजाणारं माणूस वाचतं आणि म्हणतं, मित्सुएताई, किती काळजी घेत होतात हो तुम्ही. मी चहा टाकायला उठते.

नियम करायची मला खोडच आहे, हे आधीच सांगून टाकते. तोयामा शहरातल्या शाळांचं दुपारचं जेवण जिथं एका ठिकाणी शिजतं, त्या केंद्रात मी बावीस वर्षं आहारतज्ज्ञ आहे. दोन हजार पोरांच्या ताटात मीठ किती ग्रॅम पडणार ते मी ठरवते. माझ्या स्वयंपाकघरात चमचा चुकीच्या खणात गेला तरी मला कळतं. लोक मागं काय बोलतात तेही मला ठाऊक आहे. बोलू देत, त्यांच्या पोरांना आजवर एकदाही माझ्या जेवणातून बाधा झालेली नाही.

गोबो म्हणजे आमचा फेरेट. लांबट, मुंगसाच्या अंगलटीचा, आणि रंग अगदी बाजारात जुड्या बांधून ठेवलेल्या गोबो नावाच्या भाजीच्या मुळांसारखा तपकिरी, म्हणून काझुनारीनं, माझ्या नवऱ्यानं, त्याचं नाव तसं ठेवलं. एका रविवारी हा माणूस भाजी आणायला म्हणून गेला आणि पिंजरा घेऊन आला. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्या प्राण्यानं माझा मोजा पळवून कपाटाखाली नेला, आणि तो काढता काढता आम्ही दोघं जमिनीवर आडवे पडून हसत सुटलो. आम्हाला मूलबाळ नाही. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

काझुनारी ट्राम चालवायचा. गेल्या नोव्हेंबरच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबरातच एकोणीस तारखेला, तो गेला. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाला, “गोबोला नीट सांभाळ. आईला जमायचं नाही, ती नुसते लाड करते.” मी म्हटलं, सांभाळीन. त्याच्या हातचं हलतंचालतं असं त्या घरात तेवढंच एक उरणार होतं. फेरेट सात-आठ वर्षं जगतो, हा तेव्हा तीन वर्षांचा. म्हटलं, एकही दिवस कमी होऊ द्यायचा नाही.

मग मी कंबर कसली. पुस्तकं आणली, डॉक्टर कुवाबारांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं. फेरेटाचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत खाली. त्याला सतत मांस हवं. दूध, फळ, भात, भाजी काही पचत नाही. काझुनारी हयात असताना कौतुकानं केळ्याचा तुकडा, मनुका असलं काहीबाही भरवलं जायचं. ते मी पहिल्या दिवशी बंद केलं. फेरेटांसाठीचे मांसाचे दाणे वाटीत कायम, सकाळ-संध्याकाळ वाफवलेली कोंबडी, आठवड्यातून एकदा अंड्याचा बलक. वजन दर रविवारी करायचं आणि लिहून ठेवायचं.

घराचंही तसंच. फ्रिजमागची, कपडे धुवायच्या यंत्रामागची फट मी फळ्या ठोकून बुजवली. गाद्या कपाटात रचण्याआधी प्रत्येक घडी झटकून बघायची, कारण तो घडीत शिरून झोपतो. काझुनारीची पाठ मागंपुढं होणारी ती बैठी खुर्ची मी देऊन टाकली, कारण तिच्या सांध्यात सापडून फेरेट मरतात. आणि कोतात्सू काढून टाकला.

हे कोतात्सूचं सासूबाईंना फार लागलं. तोयो, माझ्या सासूबाई, एक्याऐंशी वर्षांच्या. घर त्यांचं, हेही खरं. खाली विजेची शेगडी, वर रजई पसरलेलं ते बुटकं मेज, त्यात पाय घालून त्यांनी साठ हिवाळे काढलेले. बाहेर कमरेएवढं बर्फ, आणि मी त्यांना सांगितलं की गोबो रजईखाली जातो, तुमची लाथ बसेल, शेगडीनं भाजेल, तेव्हा हे मेज उद्यापासून नाही. त्या म्हणाल्या, “माझे गुडघे कुठं ठेवू मग?” मी त्यांना विजेवर गरम होणारे पायमोजे आणून दिले. त्या ते एकदा घालून बसल्या आणि म्हणाल्या, बरं आहे हो. ‘बरं आहे हो’ याचा अर्थ आमच्याकडे काय होतो तो मला चांगला कळतो.

त्यांच्या कानातल्या यंत्राला रबराची बोंडं असतात. फेरेट रबर दिसलं की चावून गिळतो आणि ते आतड्यात अडकून मरतो. म्हणून गोबो मोकळा असताना यंत्र काढून डब्यात ठेवायचं, असाही नियम झाला. सासूबाई शेजारच्या कानामोरीबाईंना म्हणाल्या होत्या, “आमच्या घरात आता मालक गोबो. मी भाडेकरू.” ते मी जिन्यावरून ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण मनात म्हटलं, म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, तुमच्याच लेकाची आठवण जगवतेय मी.

शिवाय सासूबाईंना साखरेचा आजार. त्यांचंही ताट मीच मोजायची. गोड पूर्ण बंद. मला स्वतःला गोड आवडत नाही, कधी खात नाही. आमच्या घरात साखरेचा डबाच नव्हता.

गोड फक्त एका ठिकाणी येत होतं, देवघरात. काझुनारीच्या फोटोसमोर सासूबाई रोज सकाळी ताजा भात, पाणी आणि एक गोड ठेवायच्या. त्याला राकुगान फार आवडायचं, साच्यातून काढलेली साखरेची ती फुलं. दर महिन्याच्या एकोणीस तारखेला भटजी येऊन मंत्र म्हणायचे, त्या दिवशी लाल घेवड्याच्या गोड वडीचा अख्खा ठोकळा. रोज वाटीच्या आकाराची ती पितळी घंटा वाजायची, हात जोडले जायचे. मी तेव्हा कामावर गेलेली असायची. त्या नैवेद्याचं पुढं काय होतं, हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदा पडू नये? ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवणारी बाई मी. पण नाही पडला.

मागच्या ऑक्टोबरात गोबो मंदावला. मध्येच चालता चालता थांबायचा आणि कुठंतरी टक लावून बघत राहायचा. मागचे पाय लटपटायचे. मी म्हटलं, वय झालं. एकोणीस तारीख रविवारी आली. भटजी येऊन गेले, सासूबाई त्यांना पोचवायला दारापर्यंत गेल्या, आणि मी किती दिवसांनी एकटी काझुनारीपुढं बसले. घंटा वाजवली. हात जोडतेय तोवर पलीकडच्या खोलीतून गोबो आला. जो सकाळपासून त्याच्या टांगलेल्या झोळीतून उठला नव्हता, तो धडपडत, घसरत आला, माझ्या गुडघ्यावर पुढचे पाय ठेवून उभा राहिला आणि तोंड उघडून थांबला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. मग वर त्या साखरेच्या फुलांकडे बघितलं. रोज घंटा वाजली की याच्या तोंडात काय पडत होतं, ते मला कळलं.

सासूबाई दारातून आत आल्या आणि माझा चेहरा बघून तिथंच थांबल्या. त्यांनी नाकारलं नाही. रोज एक, म्हणाल्या. दोन वर्षं. देवापुढून उतरवलेलं घरातल्याच कुणीतरी खायचं असतं, टाकायचं नसतं, एवढं तर तुलाही माहीत आहे. मला तू खाऊ देत नाहीस, तू स्वतः शिवत नाहीस. “मग खायचं कुणी? काझुनारीचा तोच ना उरलाय? त्यानं खाल्लं की मला वाटायचं, पोचलं.” आणि मग हळूच म्हणाल्या, की काझुनारीनं हॉस्पिटलात त्यांनाही सांगितलं होतं, आई, गोबोला काही कमी पडू देऊ नकोस.

म्हणजे त्यानं आम्हा दोघींना दोन वेगळी कामं सांगितली होती. असाच होता तो. कुणाला नाही म्हणणं जमलं नाही जन्मभर.

डॉक्टर कुवाबारांनी रक्त तपासलं. स्वादुपिंडात गाठी, त्यामुळे रक्तातली साखर एकदम खाली जाते, म्हणून ते टक लावून बघणं आणि पाय लटपटणं. मी नैवेद्याचं सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोडामुळंच झालं असं ठामपणे म्हणता येणार नाही, फेरेटांना हा आजार फार होतो, पण गोडानं त्याचं भलं नक्कीच झालेलं नाही. यातलं मला फक्त शेवटचं अर्धं ऐकू आलं. औषध दिलं, दर तीन तासांनी थोडं थोडं मांस भरवायला सांगितलं. गोड पूर्ण बंद, म्हणाल्या, कारण साखर वर गेली की पाठोपाठ आणखी खाली कोसळते.

मग उठता उठता त्यांनी मला पुन्हा बसवलं. “एक मात्र लक्षात ठेवा. झटका आला, म्हणजे आडवा पडला, लाळ गळायला लागली, तोंडावर पंजे मारायला लागला, तर थांबायचं नाही. मध घ्या, साखरेचं पाणी घ्या, जे हाताशी असेल ते, आणि हिरड्यांना चोळा. दहा मिनिटांत उठून बसेल. मग मांस भरवा आणि इकडे घेऊन या. त्या वेळी गोड हेच औषध. घरात जे कोणी असतं त्या प्रत्येकाला सांगून ठेवा.”

घरी येताना मी मधाची छोटी बाटली घेतली. ती माझ्या पिशवीत ठेवली.

कागदावर तेव्हा आठ नियम होते. मी नववा लिहिला: गोबोच्या तोंडात गोडाचा कणही जाता कामा नये. खाली दोन रेघा ओढल्या. दहावा लिहायला पेन टेकवलं होतं, खरंच टेकवलं होतं. मग म्हटलं, नको. या म्हातारीला एकदा सांगितलं की गोड हे औषध आहे, की झालं. रोज सकाळी हिला झटका दिसेल. जरा मान वाकडी केली की चारा साखर. पालथ्या घड्यावर पाणी ते. मी असतेच की घरी, असं म्हटलं. मी सकाळी सहा ते दुपारी अडीच घरी नसते, हे माझ्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक होतं? पण रागावलेल्या माणसाचं गणित असंच असतं.

तेवढ्यावर माझं भागलं नाही. पुढच्या एकोणीस तारखेला, दुसऱ्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, भटजींसमोर, कानामोरीबाईंसमोर, मी सगळं सांगितलं. यांनी दोन वर्षं साखर चारून त्याला आजारी पाडला, असं सांगितलं. भटजी चहाच्या पेल्यात बघत बसले. सासूबाईंची मान खाली. मी त्यांना काझुनारीच्या फोटोपुढं बसवलं आणि शपथ घ्यायला लावली. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला. त्यांनी घंटा वाजवली, हातांत जपमाळ धरली आणि म्हणाल्या, “काझुनारी, काहीही झालं तरी मी गोबोच्या तोंडात गोड घालणार नाही.” ‘काहीही झालं तरी’ हे शब्द माझे. मीच त्यांच्याकडून म्हणवून घेतले. आणि मला बरं वाटलं. त्या दिवशी रात्रीचं जेवण मला चवीनं गेलं, हे मी कबूल करते.

तेव्हापासून नैवेद्याचं गोड कानामोरीबाईंच्या घरी जाऊ लागलं. सासूबाई अगदी डोळ्यांत तेल घालून गोबोचं करू लागल्या. साडेनऊला आणि साडेबाराला मी वाटून ठेवलेलं मांस चमच्यानं भरवायचं, किती गेलं ते वहीत लिहायचं. वहीतलं त्यांचं अक्षर वाकडंतिकडं, पण एक दिवस चुकलेला नाही. रविवारी मी वजन करायची तेव्हा शेजारी येऊन उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, “वीस ग्रॅम वाढलं गं.” मी नुसतं हं म्हटलं. त्या क्षणी पिशवीतली बाटली काढून मेजावर ठेवायला काय झालं होतं मला? चार वाक्यांचं काम होतं. पण मला अजून थोडे दिवस त्यांना वाकलेलं बघायचं होतं.

फेब्रुवारीची एकोणीस. बर्फ. भटजींचा दुपारी यायचा निरोप होता. आमच्या केंद्रात त्या दिवशी माशाचा रस्सा आणि मुळ्याची कोशिंबीर. स्वयंपाकघरात फोन नेऊ देत नाहीत, तो नियमही मीच कडक केलेला. सगळ्यांचे फोन बाहेर कपाटात, कुलपात. दोन वाजता कपाट उघडलं तर घरच्या नंबरावरून अकरा वेळा फोन येऊन गेलेला. पहिला दहा वाजून वीस मिनिटांनी.

घरी पोचले तेव्हा देवघराचा दरवाजा उघडा होता. सासूबाई काझुनारीच्या फोटोसमोर बसल्या होत्या. मांडीवर त्याचा मफलर, मफलरात गोबो. गार झालेला. तबकात सकाळी ठेवलेली साखरेची फुलं तशीच, गुलाबी आणि पांढरी, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर.

मी शेजारी बसले. त्याच सांगू लागल्या, खालच्या आवाजात, एकेक करून. सव्वादहाला तो आडवा पडला. लाळ गळायला लागली. तोंडावर पंजे मारायला लागला, काहीतरी काढून टाकायचंय तसा. त्यांनी मला फोन केला. मांस चावून मऊ करून त्याच्या तोंडात घातलं, ते बाहेर आलं. पुन्हा फोन केला. दवाखान्याचा नंबर माझ्या फोनमध्ये, कागदावर नाही. कानामोरीबाईंचं दार वाजवलं, त्या मुलीकडे गेलेल्या. मग काही सुचेना म्हणून त्याला घेऊन इथं येऊन बसल्या आणि काझुनारीला सांगायचं म्हणून घंटा वाजवली.

“घंटा वाजली तसं त्यानं तोंड उघडलं गं,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटलेले, पण तोंड उघडलं. माझ्याकडेच मागत होता. हात गेला होता माझा तबकाकडे. फूल उचललंसुद्धा होतं मी. मग म्हटलं नाही, शपथ घेतलीय, काहीही झालं तरी. ठेवलं परत.” त्यांनी मफलर सारखा केला. “पाऊण तास तसाच होता. या वेळेला बरोबर केलं ना मी, मित्सुए?”

माझ्या खांद्याला पिशवी तशीच होती. बाटली आतल्या कप्प्यात, न उघडलेली.

“हो आई,” मी म्हटलं. “बरोबर केलंत.”

मग त्या रडल्या. इतका वेळ रडल्या नव्हत्या, मी काय म्हणते याची वाट बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कुवाबारांना कळवलं. त्या म्हणाल्या, मध लावला नव्हता का? मी सांगितलं, घरी कुणी नव्हतं. त्या म्हणाल्या, अरेरे, कुणी असतं तर. मी फोन ठेवला, आणि न्हाणीघरात जाऊन ती बाटली मोरीत ओतली. मध घट्ट, गारठ्यानं आणखी घट्ट झालेला, लवकर जाईना. गरम पाणी सोडून सोडून घालवावा लागला.

गोबोची राख काझुनारीशेजारी छोट्या डब्यात आहे. सासूबाईंना खरं सांगायचं असं मी रोज ठरवते. त्यांना सांगितलं तर माझं ओझं उतरेल आणि त्यांच्या उरावर बसेल, वीतभर अंतरावरचं ते फूल त्या जन्मभर बघत राहतील. म्हणून सांगत नाही, असं मी म्हणते. ते पूर्ण खरं नाही. मला त्यांच्यासमोर मान खाली घालायची नाहीये, हेही आहेच.

कोतात्सू मी माळ्यावरून काढून आणला. त्या आता त्यात पाय घालत नाहीत. सवय मोडली, म्हणतात.

दर महिन्याच्या एकोणीस तारखेला भटजी येतात. मंत्र संपले, चहा झाला, की सासूबाई त्यांना सांगतात, दर वेळी तेच, की आमची मित्सुए कडक होती म्हणून गोबो तितके दिवस तरी जगला. मी वेडी होते, हिनं मला शिस्त लावली, शेवटपर्यंत त्याच्या तोंडात मी साखरेचा कण जाऊ दिला नाही. भटजी माझ्याकडे बघून मान हलवतात. मग सासूबाई तबक उतरवतात आणि माझ्यापुढं धरतात, कारण देवापुढचं टाकायचं नसतं आणि कानामोरीबाईंना आता त्या देत नाहीत. घरातल्याच कुणीतरी खायला हवं, म्हणतात.

मी एक फूल उचलते आणि तोंडात टाकते. ते लगेच विरघळतं. सासूबाई विचारतात, गोड आहे ना? मी हो म्हणते, आणि दुसरं घेते.